धातूची पाटी करून घेताना: घरासाठी आणि मळ्यासाठी

खान्देशात नावाची पाटी खराब होते ती उन्हानं, धुळीनं आणि काळ्या मातीनं. गंजाचा नंबर त्यानंतर. कोकणातल्या माणसानं आधी खाऱ्या हवेचा विचार करावा. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास जातो, जूनच्या तोंडाशी वादळ येतं आणि पावसात फुगलेली जमीन पुढच्या उन्हाळ्यात भेगाळते. या सगळ्यात पाटी दहा वर्षं सरळ राहायला हवी असेल, तर डिझाईनच्या फोटोपासून सुरुवात करून भागत नाही.

होतं मात्र तेच. दुकानदार मोबाईलवर मोर, गणपती, कमळ असे पन्नास नमुने दाखवतो, आपण एकावर बोट ठेवतो आणि ॲडव्हान्स देऊन घरी येतो. त्याआधी चार गोष्टी ठरवा: पाटी कुठं लागणार, ती कोण किती अंतरावरून वाचणार, तिच्यावर ऊन कोणत्या बाजूनं येणार आणि रात्री तिथं कोणाची नजर असते. ही उत्तरं मिळाली की धातू, जाडी आणि रंग जवळजवळ ठरूनच जातात. मोर शेवटी.

आधी कागद, मग पत्रा

अक्षर किती मोठं हवं याचा ढोबळ हिशोब असा: आरामात वाचता यायला दर दहा फूट अंतराला एक इंच उंचीचं अक्षर, आणि कसंबसं वाचता यायला दर तीस फुटांना एक इंच. ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची. वरच्या मात्रा आणि खालचे उकार यात धरू नका. गल्लीतल्या घराचं फाटक रस्त्यापासून वीस फुटांवर असेल तर दोन इंची अक्षर पुरेसं आहे. दारावरच्या पाटीला एक इंचही चालतं, कारण ती वाचणारा बेल वाजवायला हात वर करून उभा असतो.

मळ्याचं गणित वेगळं. डांबरी रस्त्यावरून ६० च्या वेगानं येणारी गाडी चार सेकंदांत साधारण ६७ मीटर, म्हणजे सव्वादोनशे फूट पुढे जाते. नाव वाचून, ब्रेक दाबून, वळायचं ठरवायला एवढा वेळ लागतोच. म्हणजे अक्षर सात इंचांच्या खाली नको. गावातल्या रस्त्यावर, जिथं गाडी ४० नं जाते, तिथं पाच इंच चालेल. ‘पाटील’ हे एक आडनाव सात इंची अक्षरांत जवळपास दोन फूट रुंदी खातं. देवनागरीची एक ओळ, वर वेलांटी आणि खाली उकार धरून, अक्षराच्या उंचीच्या पावणेदोन पट जागा घेते. म्हणून सहा फुटी बोर्डावर मालकाचं नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका, गट नंबर, दोन मोबाईल आणि बैलजोडीचं चित्र असं सगळं बसवायचं म्हटलं तर रस्त्यावरून त्यातलं काहीच वाचता येत नाही. रस्त्याकडे तोंड असलेल्या बोर्डावर एकच मोठं नाव आणि बाण ठेवा. बाकीचं फाटकाजवळच्या लहान पाटीवर जाऊ दे.

आता खरी परीक्षा. ऑर्डर देण्याआधी तेवढ्याच मापाचा कागद किंवा जुन्या फ्लेक्सची मागची पांढरी बाजू घ्या, काळ्या रंगानं नाव लिहा आणि पाटी जिथं लागणार तिथं दोऱ्यांनी बांधा. सकाळी पाहा, दुपारी चारला पाहा, दिवे लागायच्या वेळी पाहा. मोटरसायकलवर बसून दोन्ही दिशांनी या. बाभळीची फांदी आडवी येते, विजेचा खांब मधे येतो, शेजारच्या केळीची पानं सहा महिन्यांनी कुठवर येतील, हे सगळं तिथंच कळतं. खर्च शून्य, आणि एवढं केलं की दुकानात तुमच्या हातात फोटोऐवजी माप असतं.

पाटीवर काय लिहायचं

घरासाठी आडनाव, घराचं नाव आणि ग्रामपंचायतीचा किंवा नगरपालिकेचा घर क्रमांक. हा क्रमांक बहुतेकजण गाळतात, आणि मग कुरिअरवाला गल्लीच्या टोकाशी उभा राहून फोन करतो. मोठ्या पाटीवर शोभत नसेल तर खाली वेगळी लहान पट्टी लावा. सातबाऱ्यावर किंवा घराच्या उताऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावं असतील तर पाटीवरही दोघांची येऊ देत. एक ओळ वाढते, एवढंच.

घरांची ठरलेली नावं चुकीची कोरलेली इतकी दिसतात, की चूकच बरोबर वाटायला लागते. ‘आशीर्वाद’मधली शी दीर्घ. ‘मातृच्छाया’मध्ये च आणि छ दोन्ही. ‘गुरुकृपा’मधला रु ऱ्हस्व, आणि ‘कृपा’ला क ला ऋकार, ‘क्रुपा’ नव्हे. कागदावरची चूक खोडता येते, तीन मिलिमीटरच्या पत्र्यातली खोडता येत नाही. म्हणून शब्द लिहून शाळेतल्या मराठीच्या सरांना किंवा बाईंना दाखवून घ्या. अहिराणीत काही लिहायचं असेल, ‘आमनं खयं’ वगैरे, तर घरातल्या जुन्या माणसाला मोठ्यानं वाचायला सांगा आणि कानाला जसं येईल तसं लिहा. डिझायनर ‘खयं’चं ‘खळं’ करून ठेवतो, त्याला वाटतं तुमची टायपिंगची चूक झाली.

मळ्यावर धंदा असेल तर एक नियम लागू होतो. हुरडा पार्टी, कृषी पर्यटन, रोपवाटिका, दूध संकलन असं काही चालत असेल तर ती आस्थापना ठरते, आणि महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार फलक देवनागरी लिपीत मराठीत असावाच लागतो. दुसऱ्या भाषेतलं नाव लिहायला हरकत नाही, पण मराठी अक्षरं त्याहून लहान असता कामा नयेत. कामगार दहापेक्षा कमी आहेत ही सबब आता चालत नाही. नुसत्या घराच्या पाटीला हे बंधन नाही.

केळीवाल्यांसाठी आणखी एक. ‘जळगाव केळी’ला भौगोलिक मानांकन आहे. त्याचं बोधचिन्ह बोर्डावर टाकायचं तर तुम्ही अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेले हवेत. शेतकरी गटामार्फत ती नोंदणी झाली आहे का ते आधी पाहा.

देवनागरी कापताना

इथं थोडं थांबायला हवं, कारण बाजारातले बहुतेक नमुने इंग्रजी अक्षरं समोर ठेवून केलेले असतात आणि आपली लिपी त्यात कोंबली जाते.

लेझरनं पत्रा कापून पाटी करायचे दोन प्रकार. एकात अक्षरं उरतात आणि आजूबाजूचा पत्रा जातो. दुसऱ्यात पत्रा उरतो आणि अक्षरांच्या जागी आरपार छिद्रं पडतात. पहिल्या प्रकारात देवनागरीला शिरोरेषेचा मोठा आधार आहे. ती सगळ्या शब्दाला धरून ठेवते. ग, ण, श यांचे सुटे भागही तिलाच लटकतात. इंग्रजी नावाला मागं पट्टी द्यावी लागते, आपल्या नावाला ती लागत नाही. पण अनुस्वाराचं टिंब हवेत राहतं. चंद्रबिंदू, विसर्ग, नुक्ता यांचंही तेच. ‘गंगाई’ कापायला टाकलं की टेबलावर ‘गगाई’ उरतं आणि टिंब खालच्या जाळीतून भंगाराच्या पेटीत जातं. चांगला ऑपरेटर स्क्रीनवर फाईल पाहूनच म्हणतो, “काका, हाई टिंब पडी जाई.” न सांगणारा नंतर ते वेल्डिंगच्या थेंबानं चिकटवून देतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथून तांबूस ओघळ सुरू होतो. टिंबाला बारीक मान देऊन ते शिरोरेषेला जोडायचं, हा उपाय फाईलमध्येच करून घ्यायचा असतो.

दुसऱ्या प्रकारात उलटी अडचण. अक्षरांची पोटं गळून पडतात. ‘पाटील’ घ्या: प ची डावी बाजू वर शिरोरेषेला आणि खाली दांड्याला मिळते, म्हणून मधला तुकडा सुटा होतो. वेलांटीच्या कमानीखालचा तुकडाही जातो. व, ब, क, च, ळ या सगळ्यांत अशी बंद पोटं आहेत. ती टिकवायला जागोजागी बारीक पूल सोडावे लागतात. कारखान्यात त्याला ब्रिज म्हणतात. ब्रिजची रुंदी पत्र्याच्या जाडीपेक्षा कमी नको. बाहेर लागणाऱ्या पाटीला तीन मिलिमीटर तरी ठेवा. ब्रिज कुठं पडतो यावर अक्षराचं रूप ठरतं. ब च्या पोटातल्या तिरक्या रेषेजवळच ब्रिज आला तर लांबून ब आणि व यांत फरक राहत नाही. फाईल मंजूर करताना ब्रिज लाल रंगात दाखवायला सांगा.

तिसरा मार्ग मला सगळ्यात बरा वाटतो: मागं एक सपाट पत्रा, पुढं कापलेली अक्षरं, दोघांत अर्ध्या-पाऊण इंचाचे स्पेसर, म्हणजे अंतर राखणारे तुकडे. टिंब स्वतःच्या स्पेसरवर उभं राहतं, पोटं पोकळच राहतात, आणि दुपारी अक्षराची सावली मागच्या पत्र्यावर पडून नाव उठून दिसतं. पत्रा दुप्पट लागतो, तेवढा खर्च वाढतो.

फाँटचा गोंधळ वेगळाच. साइनबोर्डवाल्यांकडे अजून श्रीलिपी, कृतिदेव असे जुने फाँट चालतात. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला युनिकोडमधला मजकूर त्यात चिकटवला की कचरा होतो, म्हणून ऑपरेटर हातानं पुन्हा टाईप करतो. चूक शिरते ती इथं. जोडाक्षरं तुटतात, ‘र्‍या’चा ‘र्या’ होतो. म्हणून मंजुरीसाठी आलेली फाईल पीडीएफमध्ये घ्या, अक्षरं कर्व्हमध्ये (म्हणजे फाँटशिवाय उघडणाऱ्या रेषांत) बदललेली आहेत याची खात्री करा आणि ती कागदावर खऱ्या मापात छापून, बोट ठेवून, एकेक अक्षर वाचा. मोबाईलवर वाचून ‘ओके’ पाठवू नका. अनेक फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात; आपल्याकडे पाकळीचा ल आणि देठाचा श चालतो, तो मागून घ्या. मुक्त, बालू यांसारखे एकसारख्या जाडीचे फाँट फुकट मिळतात आणि पत्र्यात चांगले कापले जातात. कॅलिग्राफीचे फाँट कागदावर देखणे दिसतात, पण त्यांची सुईसारखी टोकं लेझरच्या उष्णतेनं वाकतात आणि फाटकाशी खेळणाऱ्या पोरांच्या हाताला लागतात.

कोणता धातू कुठं

लोखंडी पत्रा, ज्याला सगळे एमएस म्हणतात, मळ्यासाठी पहिली पसंती. स्वस्त, मजबूत, वेल्ड होतो, वाकला तर सरळ होतो. त्याचं आयुष्य रंगावर अवलंबून. भंगारात भाव कमी, म्हणून चोरालाही त्यात फार रस नसतो. हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. ज्या वावरातून विहिरीच्या मोटारीची केबल रातोरात कापून नेतात, तिथं पितळेची पाटी लावणं म्हणजे आमंत्रणच.

स्टेनलेस स्टील घराच्या दर्शनी भिंतीला शोभतं. २०२ आणि ३०४ असे दोन ग्रेड बाजारात सर्रास मिळतात. आपल्या कोरड्या हवेत ३०४ पुरून उरतं. समुद्रकाठासाठीचं ३१६ इथं कोणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. २०२ वर दोन-तीन पावसाळ्यांत चहासारखे डाग उठू शकतात. बरेच दुकानदार चुंबक लावून दाखवतात, ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४.’ तसं नसतं. २०२ लाही चुंबक चिकटत नाही. खात्री हवी तर बिलावर ग्रेड लिहून घ्या. फिनिश आरशासारखं चकचकीत मुळीच नको. फाटक पश्चिमेकडे असेल तर चार वाजता त्यावर ऊन चमकतं आणि नाव वाचताच येत नाही. हेअरलाइन किंवा मॅट घ्या. सोनेरी रंगाचं स्टील हवं असेल तर तो पीव्हीडी कोटिंगचा आहे की नुसता सोनेरी लॅकर मारलाय, हे विचारा. लॅकर उन्हात उडतो.

ॲल्युमिनियम हलकं. दोन फूट बाय एक फुटाची तीन मिलिमीटर जाडीची पाटी लोखंडाची केली तर साधारण ४.४ किलो भरते, ॲल्युमिनियमची दीड किलो. जुन्या भिंतीवर, लाकडी फाटकावर हा फरक मोठा असतो. पण ते उन्हात लोखंडाच्या दुप्पट पसरतं. सहा फुटी पट्टी हिवाळ्याच्या पहाटेपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत दोन मिलिमीटरच्या आसपास लांब होते. छिद्रं गोल आणि बोल्ट घट्ट असतील तर पत्रा मधोमध फुगतो. म्हणून एका टोकाचं छिद्र गोल आणि बाकीची लांबट ठेवायची. बागेत आणखी एक सांभाळायचं: बोर्डो मिश्रणात मोरचूद असतं, आणि तांब्याचा तो फवारा उघड्या ॲल्युमिनियमला खड्डे पाडतो. लिंबू, मोसंबी, पपईच्या बागेत ॲल्युमिनियम लावायचं तर कोटिंग करूनच.

एसीपी, म्हणजे दोन पातळ ॲल्युमिनियमच्या कातड्यांमध्ये प्लास्टिक, ही खरी धातूची पाटी नव्हे. सावलीतल्या दारावर ठीक. दिवसभर ऊन खाणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर स्वस्त एसीपीला फुगे येतात.

पितळ घरात किंवा पडवीच्या आत. कोरलेल्या अक्षरांत काळा किंवा लाल इनॅमल भरलेली पितळी पाटी वाड्याच्या दाराला जी शोभा देते ती दुसऱ्या कशानं येत नाही, पण दर सणाला चिंच किंवा पितांबरी घेऊन बसायची तयारी हवी. लॅकर मारून ‘आयुष्यभर चमक’ सांगतात ते ऐकू नका. दोन-चार वर्षांत लॅकरचे पापुद्रे निघतात आणि मधे काळे डाग राहतात. गंजका लूक देणारं कॉर्टेन स्टील सध्या फॅशनमध्ये आहे. पहिल्या काही पावसाळ्यांत त्यातून तपकिरी पाणी ओघळतं. पांढऱ्या भिंतीवर लावायच्या आधी विचार करा.

जाडीचा हिशोब गेजमध्ये चालतो आणि गेज वाढला की पत्रा पातळ होतो, एवढं लक्षात ठेवा. १४ गेज सुमारे २ मिलिमीटर, १६ गेज १.६, १८ गेज १.२. घराच्या कापीव पाटीला २ ते ३ मिलिमीटर, चौकटीवर ताणलेल्या मोठ्या बोर्डाला १६ गेज. २० गेजचा बोर्ड वाऱ्यात थडथड वाजतो. दुकानात जाडी मोजायचा व्हर्नियर असतो, तुमच्यासमोर मोजायला सांगा.

रंग

पावडर कोटिंग करून देतो, असं सगळे म्हणतात. विचारायचं ते असं: पावडर प्युअर पॉलिएस्टर आहे का? एपॉक्सी किंवा मिक्स पावडर घरातल्या कपाटाला चालते. उन्हात तिची वर्षा-दोन वर्षांत पांढरी भुकटी सुटते. पत्रा आधी फॉस्फेटिंगच्या टाक्यांतून काढतात की नुसता कापडानं पुसतात? थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन हवा, आणि भट्टी १८० ते २०० अंशांची.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न कोणी विचारत नाही. लोखंड लेझरनं ऑक्सिजन वापरून कापलं तर कडांवर निळसर-काळी पापडी येते. तिच्यावर बसलेला रंग पापडीसकट सुटतो. कापीव पाटी आधी कडांनीच गंजायला लागते त्याचं कारण हे. एकतर नायट्रोजनवर कापून घ्या, नाहीतर कडा घासून पापडी काढा आणि मगच कोटिंगला पाठवा. पाटी ताब्यात घेताना अक्षरांच्या आतल्या कडांवरून नख फिरवा. खरखर लागली, रंगाचे कण निघाले, की परत.

रंगसंगती साधी ठेवा: गडद निळ्यावर, गडद हिरव्यावर किंवा तपकिरीवर पांढरं वा मोतिया अक्षर. लाल सगळ्यात आधी विटतो. काळ्या पत्र्याला मे महिन्यात दुपारी हात लावता येत नाही, आणि त्यावर व्हिनाईलचं स्टिकर असेल तर ते आक्रसून कोपऱ्यातून उचललं जातं. रात्री दिसायला हवं तर अक्षरांवर रिफ्लेक्टिव्ह रेडियम, तेही रस्त्याच्या बोर्डांना लावतात त्या प्रतीचं, मोटरसायकलच्या नंबर प्लेटवर मारतात तसलं नको.

काळ्या मातीत खांब

मळ्याचे बोर्ड वाकडे होतात ते बोर्डामुळे नव्हे, खांबामुळे. काळी जमीन पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. दीड फुटावर रोवलेला खांब दर वर्षी थोडा वर उचलला जातो, थोडा कलतो, आणि तिसऱ्या वर्षी नमस्कार करायला लागतो.

खड्डा किमान तीन फूट खोल, दीड फूट चौरस. तळाशी सहा इंच खडी किंवा मुरूम, चांगला धुमस करून. पाइपाच्या खालच्या टोकाला दोन आडव्या सळया फुलीसारख्या वेल्ड करून घ्या, म्हणजे खांब काँक्रीटमध्ये फिरत नाही आणि वर सरकत नाही. एकास दोन चारचं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट. काँक्रीटच्या भोवतीची जागा खणून काढलेल्या काळ्या मातीनं भरू नका. मुरूम आणून भरा. तो फुगत नाही आणि खांबाला ढकलत नाही. वरचं तोंड जमिनीपासून दोन-तीन इंच वर काढून चारही बाजूंना उतार द्या. जमिनीच्या रेषेवर पाइप सर्वात आधी सडतो, म्हणून तिथं खाली-वर सहा इंच डांबराचा लेप हवा.

पाइपाची वरची तोंडं झाकण वेल्ड करून बंद करा. उघडी ठेवली तर पावसाचं पाणी आत साचून पाइप आतून गंजतो, आणि त्याआधी गांधीलमाशा घर करतात. तळाजवळ पाणी निघायला बारीक भोक ठेवा.

वाऱ्याचं ओझं किती, याचा अंदाज नसतो म्हणून सांगतो. ताशी १०० किलोमीटरच्या वादळात दर चौरस मीटरला सुमारे ४७ किलोचा दाब येतो. सहा बाय तीन फुटांचा सलग बोर्ड म्हणजे ऐंशी किलोच्या आसपास, आणि तोही पाच-सहा फूट उंचीवर, पहारीसारखा जोर लावत. रावेर-यावल पट्ट्यात उभ्या केळी आडव्या करणारी वादळं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे पटवावं लागणार नाही. एवढ्या बोर्डाला एका खांबावर उभं करू नका. दोन इंची चौकोनी पाइपाचे दोन खांब, मधे आडवी पट्टी. आरपार कापलेल्या बोर्डातून थोडा वारा निघून जातो, हा त्या प्रकाराचा एक फायदा.

फाटकावर कमान करायची हौस असेल तर खालून सोळा फूट तरी मोकळे ठेवा. कडब्याची रचलेली ट्रॉली, कापसाची गाडी, केळीचा ट्रक आणि हार्वेस्टर हे सगळे त्याखालून जायचे आहेत. विजेच्या तारांखाली कमान किंवा उंच बोर्ड नकोच. उभारताना लोखंडी पाइप वर उचलला जातो तेव्हाच अपघात होतात.

बोर्ड आपल्या हद्दीत. राष्ट्रीय महामार्गाच्या जागेत परवानगीशिवाय खांब रोवला तर तो अतिक्रमण ठरतो आणि काढून टाकतात. बाण दाखवणारी पाटी वळणावर दुसऱ्याच्या बांधावर लावायची असेल तर त्या भाऊबंदाला आधी विचारा. बांधावरून काय काय होतं हे लिहायची गरज नाही.

खांबाचं काम दिवाळीनंतर काढावं. ओल असते, खणायला सोपं जातं, वारा कमी असतो. काँक्रीटला सात दिवस पाणी मारा आणि मगच बोर्ड चढवा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वास्तुशांत किंवा फाटकाची पूजा असेल तर ऑर्डर महिनाभर आधी गेलेली बरी. लग्नसराईत फॅब्रिकेशनवाल्यांना दम नसतो.

ठिबकचं किंवा तुषारचं पाणी बोर्डावर उडणार नाही असं पाहा. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग निघत नाहीत. ठिबकमधून पोटॅश सोडत असाल तर त्यातला क्लोराईड स्टेनलेसलाही डागतो. आणि गुरं खांबाला अंग घासतात, एवढं धरून चाला.

घराच्या भिंतीवर

विटांच्या भिंतीला आठ मिलिमीटरचे प्लग आणि स्टेनलेसचे स्क्रू पुरतात. नुसत्या प्लास्टरवर भरवसा नको, छिद्र विटेपर्यंत जाऊ द्या. धाब्याचं घर असेल तर मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही. पाटी दाराच्या चौकटीला किंवा पुढं आलेल्या कडीला बसवा. भिंत आणि पाटी यांत अर्धा इंच तरी फट हवी, म्हणजे पाणी अडत नाही आणि चुन्यावर ओघळ उठत नाहीत. पितळ किंवा स्टेनलेस थेट ॲल्युमिनियमवर आवळू नका. दोन धातूंत ओल राहिली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मधे नायलॉनचे वॉशर घाला. दाराच्या अगदी वर, जिथं दसरा-पाडव्याला तोरण बांधता, ती जागा सोडा. पाटी दाराच्या उजव्या हाताला, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला, बेलच्या वर.

दिवा लावायचा तर अक्षरांच्या मागून पिवळसर प्रकाश सोडा. पांढऱ्याशुभ्र दिव्यावर पावसाळ्यात पाखरं जास्त जमतात, मग पाली येतात. बाहेरच्या एलईडीला धूळ-पाणी रोखणारं आयपी ६५ रेटिंग बघा, आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज देणारी डबी) पाटीच्या मागं कोंडू नका, उन्हानं जळतो. मळ्यावर सोलर दिवा असेल तर पॅनेलचं तोंड दक्षिणेला आणि कल साधारण २१ अंश. धूळ पुसायला कोणी नसेल तर पंधरा दिवसांत तो मंदावतो.

ऑर्डर देताना

लेझर कटिंगचं जॉबवर्क जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत मिळतं, नाहीतर नाशिक. भाव तीन गोष्टींवर बसतो: पत्र्याचं वजन, कापायच्या रेषेची एकूण लांबी आणि किती ठिकाणी भोक पाडून सुरुवात करावी लागते. म्हणून जाळीदार मोर साध्या नावापेक्षा महाग पडतो, पत्रा तेवढाच असला तरी. गावातला फ्लेक्सवाला मधला माणूस असेल तर त्याच्याकडून धातू, ग्रेड, जाडी, पावडरचा प्रकार, बसवणं धरून की वेगळं, जीएसटी धरून की वेगळा, हे सगळं कोटेशनवर लिहून घ्या. अर्धे पैसे आधी, बाकी पाटी बघून. आणि ‘बघून’ म्हणजे कारखान्यात, कोटिंगच्या आधी एकदा. तिथं चूक सापडली तर पत्रा नवा लागतो, पण रंगाचा खर्च वाचतो.

विहिरीजवळची धोक्याची पाटी, स्टार्टरच्या पेटीवरची सूचना, केळीच्या प्लॉटचे नंबर अशा लहान पाट्या त्याच पत्र्याच्या उरलेल्या तुकड्यांतून निघतात. एकाच ऑर्डरमध्ये सांगितल्या तर जवळजवळ कापायच्याच पैशांत होतात. निर्यातीची केळी करणाऱ्यांना प्लॉटवार ओळख ठेवावीच लागते. दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमवर प्लॉट नंबर कापून घ्या आणि लागवडीची तारीख, वाण लिहायला खाली कोरी जागा सोडा. पेंट मार्करनं लिहिलेलं एक हंगाम टिकतं, थिनरनं पुसता येतं.

मळ्यावरचे बोल्ट बसवून झाल्यावर नटला वेल्डिंगचा एक टाका मारून टाका, म्हणजे पान्यानं सुटत नाहीत. टाक्यावर लगेच प्रायमर आणि रंग.

पाटी वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीला, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं पुसायची. आधी पाण्यानं धूळ वाहू द्या. कोरडी धूळ घासली तर ती रंगावर ओरखडे काढते. ॲसिड आणि तारेची घासणी नको. कुठं टवका उडालेला दिसला तर त्याच आठवड्यात रंग लावा, म्हणून कोटिंगवाल्याकडून त्याच शेडचा लहान डबा आणि शेड नंबर मागून ठेवा. कटिंगची डीएक्सएफ फाईलही पेन ड्राइव्हवर घ्या, ती तुमच्या पैशांनी झालेली असते. उद्या ट्रॅक्टरनं खांबाला धडक दिली किंवा धाकट्या भावाच्या घरालाही तशीच पाटी हवी झाली, तर डिझाईनचे पैसे पुन्हा द्यावे लागत नाहीत.